शून्य आणि राखाडी

कारखान्यातल्या सेन्सरला ‘शून्य’ सांगायला ४ मिलिअँपिअर करंट लागतो.

टाकीतली पाण्याची पातळी मोजणारा साधा सेन्सर घ्या. टाकी रिकामी असेल तेव्हा त्याच्या तारेतून ४ मिलिअँपिअर वाहतात, पूर्ण भरली की २०. मधलं सगळं सरळ त्रैराशिक. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे ऐकलं तेव्हा विचारलं, की मग ० ते २० का नाही ठेवलं? गणित सोपं झालं असतं. आमच्या ऑफिसातले इन्स्ट्रुमेंटेशनवाले सर हातातला चहा खाली न ठेवता म्हणाले, “तार तुटली तर किती येईल?”

शून्य येईल. आणि रिकाम्या टाकीलाही शून्यच येत असेल, तर लांब कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला टाकी आटली की तार तुटली हे कळणारच नाही. म्हणून खरं शून्य मुद्दाम वर उचलून चारवर ठेवलंय. त्याला ‘लाइव्ह झीरो’ म्हणतात. जिवंत शून्य. शिवाय त्या तळाच्या चारवर सेन्सर स्वतःचं पोटही भरतो, त्यामुळे पॉवरची वेगळी वायर लागत नाही. दोन तारांत सगळं भागतं. कल्पना इलेक्ट्रॉनिक्सच्याही आधीची आहे. कारखान्यांत मोजमापं बारीक नळ्यांमधून हवेच्या दाबाने पाठवत, तेव्हाही पट्टी ३ ते १५ पीएसआय अशीच होती. तीन म्हणजे शून्य. नळी फुटली की काटा तीनच्या खाली पडायचा आणि बघणाऱ्याला कळायचं की बिघाड नळीत आहे.

मला ही गोष्ट अजून भारी वाटते. कॉलेजात चार वर्षं डेटाबेस शिकले. ‘शून्य’ आणि ‘नल’ यांच्यातला फरक व्हायव्हात विचारला की पाठ केलेलं उत्तर फेकायचे. तोच फरक कुणीतरी तांब्याच्या दोन तारांत बसवून ठेवला होता.

आता मी काय करते ते सांगते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही एक डबी बसवतो. डबीच्या खालच्या अंगाला हिरवे टर्मिनल, वर बोटभर अँटेना. खालून सेन्सरच्या तारा आत जातात, वरून रेडिओ लहरी बाहेर पडतात. घरी पाहुण्यांना आई सांगते की ही आयओटीत आहे. आत्या सांगते की ही पाण्याच्या टाक्यांचं काम करते. आत्याचं जास्त बरोबर आहे.

खेड्यातली पाणीयोजना बघितली असेल तर डबीची गरज का, ते लगेच कळेल. विहीर किंवा बोअर ओढ्याकाठी, टाकी गावाच्या उंच अंगाला, मध्ये दोन-अडीच किलोमीटर. मुरूम फोडून तेवढी केबल पुरायची म्हणजे पैशाचं काम, आणि पुरली तरी तांबं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येक टाकीवर सिमकार्डवालं यंत्र लावावं तर वर वीज नसते, रेंज असेल-नसेल, आणि तितक्या रिचार्जचा हिशेब ठेवणार कोण? म्हणून लोरावॅन. लोरा हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ नावाच्या कंपनीचं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकने ती कंपनी विकत घेतली. आपल्याकडे ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याला परवाना लागत नाही. कोकिळेची साद जशी खालून वर चढत जाते तशा चढत्या सुरांत ते बोलतं, आणि आजूबाजूच्या गोंगाटाखाली दबलेला सूरसुद्धा समोरच्याला ओळखू येतो. मोकळ्या माळावर दहा-बारा किलोमीटर सहज जातं. एका उंच जागी एक गेटवे, त्यात एक सिमकार्ड, आणि आसपासच्या गावांच्या टाक्या त्याच्या पदराखाली.

बदल्यात काय द्यावं लागतं? बोलण्याचा वेग. लांबून बोलायचं तर प्रत्येक सूर लांबवावा लागतो. जवळच्या डबीचा छोटा निरोप साधारण ६० मिलिसेकंदांत जातो. तोच निरोप सगळ्यात लांबच्या सेटिंगवर दीड सेकंद हवेत असतो. त्या सेटिंगवर एका वेळी जास्तीत जास्त ५१ बाइट पाठवता येतात. पंधरा मिनिटांतून एकदा. या वेगाने फॅमिली ग्रुपवरचा शंभर केबीचा एक ‘शुभ सकाळ’ पाठवायला वीस दिवस लागतील. (आमच्या ग्रुपसाठी ही सोय मला चालेल.)

दुसरी अडचण बॅटरीची. तारेवरचा सेन्सर २४ व्होल्टवर वाढलेला, त्याला कायम वीज मिळायची सवय. डबीत ३.६ व्होल्टचा, १९ अँपिअर-अवरचा लिथियम सेल. सेन्सर कायम चालू ठेवला तर हा जाडजूड सेल आठवडाभरात संपतो. म्हणून डबी झोपते. पंधरा मिनिटांनी उठते, व्होल्टेज चढवते, सेन्सरला पाच सेकंद जागा करते, त्याचा आकडा स्थिरावला की घेते, हवेत सोडते आणि परत झोपते. ९०० सेकंदांतले पाच. तोच सेल मग तीन-चार वर्षं पुरतो. माझ्या कामाचं अर्धं कौशल्य हेच, की सेन्सर किती सेकंदांत खरं बोलायला लागतो ते शोधायचं. काही तीन सेकंदांत बोलतात. काही दहा सेकंद घेतात, आणि त्याआधी विचारलं तर बिनधास्त चुकीचा आकडा सांगतात.

४-२० सोडून दुसरी जात म्हणजे मॉडबस. १९७९ चा प्रोटोकॉल, माझ्याहून कितीतरी मोठा, आणि मी रिटायर होईन तेव्हाही असेल. आरएस-४८५ च्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात, पण कुठली ए आणि कुठली बी यावर कंपन्यांचं आजतागायत एकमत नाही. त्यामुळे साइटवरचा पहिला उपाय नेहमी एकच: तारा उलट करून बघ. पण मॉडबसचा माझा आवडता किस्सा फ्लोमीटरचा आहे. दशांश आकडा तिथे दोन तुकड्यांत येतो आणि कुठला तुकडा आधी, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. तुकडे उलटे जोडले तर काय होतं बघा. मीटर ताशी २५.३ घनमीटर म्हणत असेल तर स्क्रीनवर २७ च्या पुढे बावीस शून्यं. हे कुणालाही कळतं, हसून दुरुस्त करतात. पण तोच प्रवाह नेमका २५.० असेल, तर उलट्या जोडणीत आकडा इतका सूक्ष्म होतो की स्क्रीनवर ०.०० दिसतो. त्यावर कुणी हसत नाही. पाणी बंद आहे, एवढंच लोक समजतात.

शून्याचं हे असं आहे. ते खरं वाटतं.

गेल्या मे महिन्यात माणदेशाच्या बाजूच्या एका गावाची टाकी आमच्या डॅशबोर्डवर चार दिवस शून्यावर होती. रविवारी संध्याकाळपासून सपाट रेघ. गुरुवारी त्या आलेखाची प्रिंट वरच्या कुठल्याशा बैठकीत फिरली आणि ठरलं, की तिथला ऑपरेटर मोटर चालू करत नाही. गावाच्या शेवटच्या वस्तीवर पाणी कमी दाबाने येतं ही तक्रार जुनीच होती, त्यामुळे आलेख सगळ्यांना लगेच पटला. ऑपरेटरचं त्या महिन्याचं मानधन थांबवलं. गावात फोन करून ‘नळाला पाणी येतंय का’ एवढं कुणी विचारल्याचं मला तरी सापडलं नाही. आमच्याकडे निरोप आला तो असा: ऑपरेटर म्हणतो मशीन खोटं बोलतंय, तुमचा माणूस पाठवून खात्री करून द्या.

माणूस म्हणजे मी आणि आमचा फील्ड टेक्निशियन. पोचलो तेव्हा अकराचं ऊन. पाणी सोडणारे मामा टाकीखालच्या सावलीत बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, गेली एकोणीस वर्षं तेच हे काम करतायत. रागावलेले होते, पण आमच्यावर कसं रागवायचं हे त्यांना समजत नसावं.

“मॅडम, टाकी भरलीया. वर जाऊन बगा.”

“मामा, तुम्हाला खालून कसं कळतं?”

त्यांनी खिशातून वही काढली. शाळेची चौकटीची वही, वर प्लॅस्टिकचं कव्हर. रोजची एक ओळ: मोटर कधी चालू केली, लाइट कधी गेली, कधी आली, मोटर कधी बंद केली. “साडेचार तास मोटर चालली की टाकी भरती. आज पाच वाजता चालू केलती, मदी अर्धा तास लाइट न्हवती. धाला बंद.” मी मनात बेरीज केली. साडेचार. सोमवार, मंगळवार, बुधवार, प्रत्येक दिवसाची ओळ होती. ही वही बैठकीत कुणी मागितली नव्हती.

टेक्निशियन वर चढला, त्याच्या मागे मी. बारा मीटरची लोखंडी शिडी; मला उंचीची भीती नाही, तापलेल्या लोखंडाची आहे. सेन्सर बघायची गरजच पडली नाही. शिडीच्या टोकाला जंक्शन बॉक्स होता, त्याचं झाकण उघडल्यावर आत पावसाळ्यातल्या शेवाळासारखा हिरवा थर दिसला. केबलच्या ग्लँडमधून ओल शिरून तांबं खाल्लं होतं. दोनपैकी एक तार टर्मिनलमधून सुटून नुसती टेकून होती. त्याने डबीला सेन्सर सतत चालू ठेवायच्या टेस्ट मोडवर घातलं आणि मल्टिमीटर लावला. ०.००. तार मागे कापली, तांबं उजळ केलं, नवं थिंबल मारलं, स्क्रू आवळला. १४.२.

आमचा सेन्सर पाच मीटरचा. चौदा पॉइंट दोन म्हणजे जवळजवळ ३.२ मीटर पाणी. टाकीची खोली साडेतीन. मॅनहोलचं झाकण सरकवून बघितलं; पाणी हाताच्या अंतरावर हलत होतं.

खाली आलो. मामांनी विचारलं, “आता दिसतंय का वर?” त्यांच्या ‘वर’चा अर्थ टाकीवर नव्हता. मी म्हटलं, डबी पंधरा मिनिटांनी बोलेल, तेवढं थांबू. मधेच उठवून तिला काही विचारता येत नाही. ती स्वतः बोलते, त्यानंतर क्षणभर कान देते, आणि झोपते. हे मी जमेल तसं समजावलं. मामा पहिल्यांदा हसले. “पंधरा मिंटात मी दोनदा वर जाऊन बगून येतो की.”

तेवढ्या वेळात मी लॅपटॉप उघडून सर्व्हरवरचा कोड काढला. करंटची पातळी करणारी फाइल माझ्या रुजू होण्याच्याही आधीची, तिला कुणी हात लावला नव्हता. त्यात एक साधी ओळ होती: आलेला करंट चारपेक्षा कमी असेल तर पातळी शून्य धर. बस्स. जिवंत शून्य आणि मेलेली तार, दोन्ही एकाच खड्ड्यात.

लिहिणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे, पण जुने मेसेज चाळल्यावर कारण सापडलं आणि ते अगदी माणसासारखं होतं. सेन्सर थोडे इकडेतिकडे असतात. रिकाम्या टाकीला ४.०० ऐवजी ३.९८ येतो. मग स्क्रीनवर ‘उणे ६ मिलिमीटर’ पाणी दिसतं. कुठल्या तरी डेमोत एका साहेबांनी विचारलं होतं, की उणे पाणी म्हणजे काय हो? त्या रात्री ही ओळ जन्माला आली. खरं तर यावर उत्तर आधीपासून आहे. जर्मनीतल्या नामुर या संघटनेची एनई ४३ नावाची शिफारस सांगते, की ३.८ पर्यंत खाली गेलेला करंट मोजमाप म्हणून धरा, ३.६ किंवा त्याखाली गेला तर तो बिघाड. वरच्या टोकाला २१. म्हणजे ३.९८ ला शून्य म्हणा, काही बिघडत नाही. ०.०० ला म्हणू नका.

सुदैव एवढंच, की आमच्याकडे डबीने पाठवलेला मूळ करंट तसाच साठवलेला होता. आलेख त्यावरून नंतर बनायचा. मी मागे गेले. रविवारी संध्याकाळी पावणेसातपर्यंत साडेअकरा, अकरा, पावणेअकरा, लोक पाणी भरतायत तसा उतरता आकडा. सातच्या निरोपात ०.००. पंधरा मिनिटांत दोन मीटरच्या आसपासचं पाणी नाहीसं होत नाही, आणि झालं तरी चार उरतात.

मूळ करंट, मामांच्या वहीच्या चार पानांचे फोटो आणि वर अर्ध्या पानाचं मराठी पत्र, असं मी दुसऱ्या दिवशी पाठवलं. इंग्रजीत पाठवू नकोस, वाचणार नाहीत, असं सर म्हणाले होते. पत्रात सगळ्यात जास्त वेळ एका वाक्याला गेला: ‘टाकी रिकामी असती तर येथे ४ हा आकडा दिसला असता.’ हे वाक्य तीन जणांना फोनवर परत समजवावं लागलं. मामांचं मानधन पुढच्या महिन्याबरोबर निघालं. बैठकीच्या इतिवृत्तात ‘ऑपरेटरचा हलगर्जीपणा’ ही नोंद होती, ती तशीच आहे.

कोड बदलणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. खरी मारामारी पुढे झाली.

वायरलेसमध्ये एक जास्तीची गोष्ट होते, ती तारेत होत नाही. तार गप्प झाली की ती तुटलीय. डबी गप्प झाली तर ती मेली असेल, बॅटरी संपली असेल, गेटवेची लाइट गेली असेल, किंवा निरोप निघाला पण वाटेत दुसऱ्या डबीच्या निरोपावर आदळला असेल. यातलं थोडं ओळखता येतं. प्रत्येक निरोपावर अनुक्रमांक असतो. १०४१ नंतर थेट १०४५ आला तर डबी ठणठणीत आहे, तीन निरोप हवेत हरवले. अनुक्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर डबी मध्येच बंद पडून नव्याने जोडली गेली. म्हणून मी स्क्रीनवर तीन गोष्टी वेगळ्या दाखवायचं ठरवलं: आकडा, ‘वायर तुटली’, आणि ‘कळत नाही’. शेवटच्या दोन्हींना राखाडी रंग. आणि प्रत्येक आकड्याखाली तो किती वेळापूर्वीचा आहे ते.

प्रोजेक्ट मॅनेजरने बघितलं आणि म्हणाला, “राखाडी नको.”

“का?”

“अगं, काँट्रॅक्टमध्ये डेटा उपलब्धतेची टक्केवारी आहे. आकडा दिसला तर डेटा आला. रिकामं दिसलं तर आपलं बिल कापतात.”

म्हणजे शून्य दाखवलं तर आम्हाला पूर्ण पैसे, आणि ‘माहीत नाही’ म्हटलं तर दंड. त्या गावाच्या चार दिवसांच्या सपाट रेघेची उपलब्धता कागदावर शंभर टक्के होती. मी त्याला ते काढून दाखवलं. तो वाईट माणूस नाही. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, टेंडर लिहिणारा मी नाही. ते खरंच होतं. टेंडर लिहिणाऱ्याला बहुतेक एवढंच हवं होतं, की यंत्रं बंद पडू नयेत. त्याने जे मोजायला सांगितलं, त्यातून बंद पडलेलं यंत्र चालू दिसेल अशी सोय झाली.

दोन आठवडे भांडून आमची तडजोड झाली. ‘वायर तुटली’ हा निरोप डबीने स्वतः पाठवलेला असतो, म्हणून तो उपलब्ध डेटा धरायचा; तेवढं गिऱ्हाइकाने लेखी मान्य केलं. ‘कळत नाही’ मात्र दंडात जातं. तरीही राखाडी मी काढला नाही. इन्स्ट्रुमेंटेशनवाले सर त्या मीटिंगमध्ये माझ्या बाजूने एकच वाक्य बोलले. म्हणाले, पूर्वी नळी फुटली की काटा खाली पडायचा, त्या काट्याला कुणी दंड केल्याचं मला आठवत नाही.

सध्या आमच्याकडे अडतीस टाक्या आहेत. भिंतीवरच्या टीव्हीवर रोज दोन-तीन राखाडी असतात. उन्हाळ्यात गेटवेची लाइट गेली की एकदम सात-आठ. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडून मेल आला: पाहुण्यांच्या भेटीच्या दिवशी राखाडी हिरवा करता येईल का, फक्त त्या दिवसापुरता. त्याचं उत्तर अजून माझ्या ड्राफ्टमध्ये आहे.

मामांचा अधूनमधून फोन येतो. सरपंचांच्या मोबाइलवर त्यांच्या गावाची टाकी दिसते. परवा म्हणाले, “ताई, आमची टाकी राखाडी झालीया म्हनं. टाकी भरलीया, म्या वर जाऊन आलोय. तुमचं तुमी बगा काय झालंय ते.”

बघितलं. अनुक्रमांक आदल्या रात्री दोनला थांबला होता. बॅटरी.